पूर्ण नोंद

५ एप्रिल, शनिवार

चाललं! अकोल्याच्या केंद्रातलं मशीन आज आपलं आपण चाललं. मी नुसती बाजूला उभी होते.

कुंदाताईंच्या महिला सल्ला केंद्रात मागे एक कोठीची खोली आहे. सतरंज्या, जुन्या फायली, एक लोखंडी कपाट. त्या कपाटाशेजारी आता हा काळा डबा. जुनंच ग्राफिक्स कार्ड, पण दमदार आहे. त्यात एआयची दोन मॉडेलं बसवली. एक बाईचं बोलणं ऐकून लिहून काढतं, दुसरं त्यातून एक पानाचं टिपण करतं. वऱ्हाडी बोलणं जसंच्या तसं उतरवायला पहिल्याला तीन महिने शिकवावं लागलं. इंटरनेटची वायर त्या डब्याला मी जोडलेलीच नाही. समोरच्या खोलीतले दोन लॅपटॉप भिंतीपलीकडून त्याला आवाज पाठवतात, तो लिहून परत देतो. बस. बाहेर काही जात नाही.

कुंदाताईंची अटच ती होती. चौतीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई, अट खडूने फळ्यावर लिहावी तशी सांगते — "माधवी, इथे बाई जे बोलते ते या चार भिंतींतच राहतं. तुझं मशीन त्या भिंतींच्या आत बसणार असेल तरच बसव."

म्हणून पद्धत अशी ठरली — टिपण तयार झालं की ते बाईला वाचून दाखवायचं. ती "हो, हे माझंच" म्हणाली की छापून कपाटात. नाव नाही, फक्त क्रमांक. आणि मूळ आवाज व लिहिलेलं सगळं तिच्यादेखत पुसायचं.

समुपदेशन करणारी मैथिली म्हणाली, "आधी मी खाली मान घालून लिहीतच असायचे. आज पहिल्यांदा बाईच्या तोंडाकडे बघत ऐकलं." एवढ्यासाठी तीन महिने गेले असतील तर सार्थक झालं.

मग नेहमीसारखी सहदेवकडे मुक्कामाला. त्याचं बी-बियाण्यांचं दुकान जोरात आहे. जेवताना त्याने बायकोचा, रागिणीचा मोबाइल घेतला आणि तिच्या बाळापूरच्या भावजयीचे मेसेज आवाज काढून वाचले. "बाई वं, कैरीचं लोनचं खराब झालं, बुरा आला त्याले!" असा हेल काढला की हसून पुरेवाट! माझा धाकटा भाऊ नकला लहानपणापासून उत्तम करतो. रागिणी पोळ्या वाढत होती.

८ एप्रिल, मंगळवार

कुंदाताईंचा फोन. आज तीन बायका येऊन गेल्या. तिघींनीही टिपण ऐकून "हो, माझंच" म्हटलं. एक जण म्हणे मशीनला नमस्कार करून गेली!

१६ एप्रिल, बुधवार

मशीन दुपारी तीनच्या सुमाराला बंद पडतं. तीन दिवस झाले. कुंदाताई फोनवर — "सकाळी गुणी असतं गं, दुपारी रुसतं." कॉलेजातले वर्ग सोडून जाता येत नाही. शनिवारपर्यंत मैथिली हातानेच लिहील.

१९ एप्रिल, शनिवार

चव्वेचाळीस अंश. केंद्रात गेले तर काय — कोठीच्या खोलीत कूलर! साधासुधा नाही, गवताच्या ताट्यांचा, मोठा लोखंडी. आणि त्याचं तोंड थेट मशीनकडे. वर डब्याची एक बाजू उघडून ठेवलेली, हवा आत जावी म्हणून. ओला वारा सरळ कार्डावर! हात लावला तर आत दमट.

"अगं, तापत होतं बिचारं," कुंदाताई म्हणाल्या. "माणसाला लावतो तसाच गेल्या आठवड्यापासून दुपारचा त्यालाही लावला."

आपल्याकडे काहीही तापलं की आपण कूलर ओढून आणतो. मला हे आधी सांगायला हवं होतं. चूक माझीच.

पुसलं, वाळवलं, कूलर बैठकीत परत नेला, कोठीत साधा पंखा लावला. पण बंद पडण्याचं कारण ओलच आहे की दुसरं काही, हे खात्रीने सांगता येईना. म्हणून पूर्ण नोंद चालू केली. एरवी मशीन फक्त 'काम आलं, काम झालं' एवढंच स्वतःसाठी लिहून ठेवतं. पूर्ण नोंदीत आत काय आलं आणि बाहेर काय गेलं ते अक्षरशः लिहितं. नेमकं कुठे अडलं ते सापडतं. आठवडाभरच ठेवायची. पुढच्या शनिवारी पाहून बंद करायची आणि पुसायची.

मनाला बरं वाटलं नाही. पण आठवडाच.

संध्याकाळी जेवताना सहदेवला कूलरचा किस्सा सांगितला. तो ठसका लागेपर्यंत हसला — "मशीनले कूलर! उद्या त्याले ताक पाजतीन!" मी म्हटलं, आता पूर्ण नोंद लावून आली, मशीन जे ऐकन ते सगळं लिहून ठेवन, पुढच्या शनिवारी बिघाड पाहीन.

रागिणीने विचारलं, "सगळं? जसं बोललं तसं?"

"जसंच्या तसं."

"आन् पाहान तुमीच?"

"मीच. दुसऱ्या कोनाले येतच नाई ते."

तिला अशा गोष्टींत रस आहे हे मला माहीतच नव्हतं. बी.एस्सी. झालेली मुलगी आहे, असणारच. कधीतरी तिला केंद्रात नेऊन मशीन दाखवावं.

२६ एप्रिल, शनिवार

अकोल्याला गेले नाही. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका, सोमवारपर्यंत संपवायच्या आहेत.

३ मे, शनिवार

मशीन पंधरा दिवसांत एकदाही थांबलं नाही. म्हणजे ओलच होती. काही पाहायची गरजच पडली नाही. दहा मिनिटांत केंद्रातून बाहेर.

सहदेवकडे आमरस. रागिणी गप्प वाटली. उन्हाचा त्रास असेल.

१४ जून, शनिवार

आज विचित्र वाटलं. जेवताना सहदेवने मोबाइल घेतला, पण माहेरचं काहीच नव्हतं. तर त्याने गॅस सिलिंडरचा मेसेज वाचला — रागिणीच्या आवाजात! मी हसले. हसता हसता वर पाहिलं तर रागिणी माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. बसस्टँडवर एखादी गाडी यायची असते, तसं.

मी विचारलं, "काय वं?" ती म्हणाली, "काई नाई ताई, भात देऊ?"

माझं काही चुकतंय का? काय, ते सुचत नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी मैथिलीचा फोन, मशीन बंद. अर्धी रजा टाकून गेले. कारण दोन मिनिटांत सापडलं — डिस्क भरली होती. मशीनला लिहायला जागा उरली नव्हती.

कशाने भरली? एकाच फाइलने.

पूर्ण नोंद. एकोणीस एप्रिलची. मी बंद केलीच नाही.

पावणेचार महिने. समोरच्या खोलीत बाईदेखत आवाज पुसला जात होता, "बघा, गेलं," असं मैथिली सांगत होती, आणि भिंतीपलीकडे माझा डबा सगळं लिहून ठेवत होता. त्रेचाळीस जणी.

फाइलमध्ये खरंच बोलणं आहे का, हे पाहायला ती उघडावी लागली. वरून उघडली. आधी माझीच चाचणी — एक दोन तीन, नमस्कार. खाली तारीख २१ एप्रिल, सोमवार. बोलणं होतं. खात्री पटायला चार ओळी पुरे होत्या. मी नऊ वाचल्या. हे इथे तरी खरं लिहिते.

त्या ओळी लिहू नयेत. पण त्या आता डोक्यातून जाणार नाहीत, मग कागदाशी खोटं कशाला बोलू —

"मारत नाई. कदीच नाई मारलं. रोज जेवताना माहा मोबाइल घेतो आन् मोठ्यानं वाचतो. मायचं, भावजयीचं. आवाज काढून. सगळे हासतात. मायले सांगतलं, मले काई लिहू नोको. तिले वाटते पोरगी बदलली. ननंद येते दर शनिवारी, कालेजात शिकवते. तेबी हासते."

नोंद बंद केली. फाइल पुसली नाही — पुसली तर माझी चूकही पुसली जाईल, आणि ती कुंदाताईंनी पाहायला हवी. त्या दारात आल्या, "सापडलं का गं?" मी म्हटलं, "सापडलं. जागा भरली होती."

खरं होतं. पुरं नव्हतं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

कॉलेजात दोन तास घेतले. काय शिकवलं, आठवत नाही.

जे मला कळायचा हक्क नव्हता ते कळलं आहे. ते वापरायचं नाही, हे उघड आहे. तिने चार भिंतींना सांगितलं, मला नाही. मी उद्या सहदेवला काही बोलले आणि तिला कळलं की केंद्रातून बाहेर आलं, तर ती पुन्हा कुठेच तोंड उघडणार नाही. आणि तिने तिथे सांगितलं हे सहदेवला समजलं तर? माझ्या एका वाक्याने तिची ती एक जागाही जाईल.

मग गप्प राहायचं?

दुपारी ही वही मागे चाळली. ५ एप्रिल. माझंच अक्षर — 'हसून पुरेवाट!' उद्गारचिन्हासकट. त्याखाली, 'रागिणी पोळ्या वाढत होती.' म्हणजे मी पाहिलं होतं, लिहिलंही होतं. मोबाइल मी दर शनिवारी डोळ्यांनी पाहते. फाइलने मला एकच नवी गोष्ट सांगितली — मी हसते.

तर मग जे डोळ्यांनी पाहिलं त्यावर तरी बोलता येईल. त्याला फाइलची परवानगी लागत नाही. की ही पळवाट आहे? नऊ ओळी वाचल्या नसत्या तर उद्याही मी हसलेच असते.

९ ऑगस्ट, शनिवार. राखी

राखी बांधली. शेवयांची खीर होती. सहदेव खुशीत, माझ्यासाठी साडी आणलेली, रंग त्याने स्वतः निवडलेला. वाईट माणूस नाही तो. कुणासाठी लिहिते आहे मी हे?

जेवताना त्याने मोबाइल उचलला. "पाहू, आज माहेरून राखीचं काय आलं... काईच नाई? भाऊ रुसला वाटते!"

मी म्हटलं, "ठेव तो. तिचा आहे."

"काय झालं ताई? मजाक चालू आहे ना."

"मले हासू येत नाई, सहदेव. आजपासून माह्यासमोर वाचू नोको. माह्यामागंही नोको."

त्याने मोबाइल पालथा ठेवला. "एवढं काय त्यात," असं पुटपुटला, पण पुन्हा उचलला नाही. कान लाल झाले होते. लहानपणी खोटं पकडलं की व्हायचे तसे.

वाटलं होतं, रागिणीला बरं वाटेल. ती उठून आत गेली. बाहेर आली तेव्हा चेहरा दार लावून घेतल्यासारखा. खीर वाढताना माझ्याकडे पाहिलंही नाही.

का?

१० ऑगस्ट, रविवार

कुंदाताईंच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. नऊ ओळींसकट. त्यांनी चपला घातल्या, मैथिलीला बोलावलं, आम्ही तिघी केंद्रात गेलो. त्यांच्यादेखत फाइल कायमची पुसली. रोज सकाळी नोंदीची स्थिती मैथिली तपासेल, तिला कसं ते शिकवलं.

मी म्हटलं, "मी हे काम सोडते."

"सोडून मोकळी होणार? नाही. त्रेचाळीस जणींना एकेक करून समोर बसवून सांगायचं. फोनवर नाही. मैथिली बोलावेल, तू शेजारी बसायचं." थोडं थांबून — "ज्या बाईचं वाचलंस तिला तू एकटीने सांग. ती कोण, हे मला सांगू नकोस."

एका फाइलमागे त्रेचाळीस माणसं उभी असतात. फळ्यावर मी विद्यार्थ्यांना फाइल म्हणजे एक चौकोन काढून दाखवते.

उद्याची रजा टाकली. सोमवारी सहदेव माल आणायला अमरावतीला जातो, रागिणी घरी एकटी असते. पायावर डोकं ठेवायची तयारी आहे. तिने बोलणंच सोडलं तरी तक्रार करणार नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

ती अंबाडी निवडत होती. मी समोर बसून सांगितलं — मशीनची पूर्ण नोंद चालू राहिली, तुझं बोलणं मी वाचलं, वाचायचा मला हक्क नव्हता, माफ कर.

"कवा वाचलं?"

"गुरुवारी."

तिचे हात थांबले. "ह्या गुरुवारी? परवाच्या?"

"हो. नऊच ओळी. देवाशपथ, त्याआधी एक अक्षरही नाही."

तिने अंबाडी बाजूला सारली. मग हळू म्हणाली, "तुमीच म्हनल्या होत्या ना ताई, मशीन सगळं लिहून ठेवन, पुढच्या शनिवारी मी पाहीन म्हनून. म्हनून त लगेच सोमवारी गेली मी तिथं."

मी वाचलंय असं धरून पंधरा शनिवार तिने मला जेवायला वाढलं.