मागच्या कोपऱ्यातली अंडी

बेव्हरहूक,
९ मार्च २०२२

चि. रूलंद यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

आज सकाळी कचऱ्याची पिशवी दारात ठेवली. गेल्या जुलैनंतरची पहिली! गाडीवाल्याने ती उचलता उचलता मला हात केला आणि म्हणाला की आम्हाला वाटलं बाईंनी गाव सोडलं. तू हसशील, पण मला मनातून फार बरं वाटलं. अँटवर्पच्या पोरांना पस्तीस वर्षं भूगोल शिकवून जे समाधान मिळालं नाही, ते या एका पिशवीनं दिलं. बटाट्याची सालं, शिळा पाव, सूपमधला गाळ, सगळं कोंबड्या फस्त करतात आणि उरलंसुरलं खतात जातं. कचरा कमी व्हावा म्हणून नगरपालिकेनं पहिल्या तीन कोंबड्या दिल्या तेव्हा तू म्हणाला होतास की ताईला अखेर नीट ऐकणारा वर्ग मिळाला. आता सात आहेत आणि खरंच ऐकतात.

नवीन बातमी अशी की नगरपालिका घरच्या कोंबड्यांची अंडी फुकट तपासून देते आहे. नाव द्यायला कुणी पुढे येईना. आता गावची कंपोस्टमास्तरीण मी, दर बुधवारी लोकांना खत कसं करायचं ते शिकवणार आणि ऐन वेळी मीच मागे राहणार, हे कसं चालेल? पहिलं नाव माझं घातलं. अंडीही पाठवली आणि त्यांच्या आवारातली मातीही. निकाल आला की वाचनालयाच्या फळ्यावर लावणार आहे, म्हणजे शेजारच्या भित्र्यांना जरा धीर येईल.

हाने बाळंतपणातून सावरली का? बाळाला, लिंडेला, आता दोन महिने होतील. तुझ्या लेकीला माझा निरोप दे की अंगावर पाजते आहेस तर रोज दोन अंडी पोटात गेलीच पाहिजेत आणि दुकानातली मुळीच नकोत. कापडी लंगोट वापरते म्हणे! हीच पोरगी आधी माझी किती टर उडवायची. मला मूलबाळ नाही, पण माझं काही कुणी घेतलं असेल तर ते हिनंच. तू मात्र दर शनिवारी इथली अंडी तिच्याकडे पोचवून नुसता हमाल झालास. दोन वर्षं झाली, तुझं पोट अंड्यांवर रुसलंय ते रुसलंयच. एकदा डॉक्टरला दाखव.

बाकी सर्व क्षेम. लोभ आहेच, त्याला अधूनमधून खतपाणी घालत जा.

तुझी,
ताई

कोर्ट्रेक,
१८ मार्च २०२२

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र या वेळी २०१७ च्या कॅलेंडरमधल्या ऑक्टोबर महिन्याच्या पाठीवर आलं. कागद वाचव, ना नाही, पण हानेचं बाळंतपण वाचता वाचता मधेच तुझ्या दंतवैद्याची तारीख उमटते.

ताई, ही तपासणी कशाला काढलीस? सरकारी माणसं एकदा आवारात शिरली की आधी अंडी बघतात, मग कोंबडीघर मोजतात, मग कुंपण. नाव मागे घेता येत असेल तर घे. नाहीच जमलं तर निदान फळ्यावर काही लावू नकोस. सगळं गाव तुला मानतं, तुला कागदाची काय गरज?

या शनिवारी मला यायला जमणार नाही, गाडी दुरुस्तीला टाकली आहे. पुढच्या शनिवारचंही कठीणच दिसतं. हानेला मी दुकानातून दोन डझन अंडी नेऊन दिली तर तिनं ती शेजारणीला देऊन टाकली. म्हणाली, आत्याची येईपर्यंत थांबेन. अगदी तुझ्यासारखा हट्ट आहे. काल तिनं तिच्या नवऱ्याला थेट तुझ्याकडेच पाठवायचा बेत केला होता. मी कसाबसा थांबवला.

लिंडे गोड आहे. हसते, की पोटात वारा धरतो, कळत नाही. तब्येतीला जप आणि या धाकट्यावर राग धरू नकोस.

तुझा,
रूलंद

बेव्हरहूक,
१४ एप्रिल २०२२

चि. रूलंद यास,
आशीर्वाद.

निकाल आला. अंड्यांत डायॉक्सिन नावाचं विष आहे, मर्यादेच्या सहापट.

खात्याकडून एक तरुण बाई आली होती. तिनं विचारलं की इथे पूर्वी काही जाळत असत का. मी ठामपणे नाही म्हटलं. बाबा फार तर पाला जाळायचे, असं सांगितलं. तिनं फावडं मागितलं. कोंबड्यांच्या मागच्या कोपऱ्यात वीतभर खाली काळा थर लागला. वितळून गोळा झालेलं प्लास्टिक, तारांचे तुकडे, रंगाच्या डब्याचं झाकण. आणि तिथेच माझ्या कोंबड्या सहा वर्षं उकरताहेत, त्याच मातीत लोळताहेत. ती मला समजावू लागली की टाकलेलं काहीच नाहीसं होत नाही. रूलंद, हे वाक्य मी दर बुधवारी लोकांना सांगते. माझ्याच अंगणात, माझ्याच फावड्यावर हात ठेवून, ती ते मला सांगत होती.

हे विष चरबीत बसतं. मातीतून कोंबडीत, कोंबडीतून अंड्यात, अंड्यातून माणसात. तिनं विचारलं की अंडी कोण खातं. मला हानेचं नाव घेता आलं नाही. मी म्हटलं, घरचीच माणसं.

सातही कोंबड्या मारल्या. त्यांचं सूप करता येत नाही, खतात पुरता येत नाहीत. जाड पिशवीत बांधून घेऊन गेले. वरची मातीही उचलणार आहेत. कुठे नेणार म्हणून विचारलं तर म्हणाली, खास खड्ड्यात. म्हणजे आणखी कुणाच्या तरी मागच्या कोपऱ्यात.

मी सतराव्या वर्षी घर सोडलं, त्यानंतर इथे काय चाले ते मला माहीत नाही. तुला माहीत असणार. कोंबड्यांचं घर कुठे बांधू, हे मी तुलाच विचारलं होतं. आता खरं ते लिही. हानेला तू काही बोलू नकोस. खायला मी लावली, मीच जाऊन सांगेन.

आज इतकंच.

ताई

कोर्ट्रेक,
२१ एप्रिल २०२२

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज थट्टा करायला तोंड नाही. विचारलंस म्हणून लिहितो.

तू गेल्यानंतर बाबांनी तेलाचं रिकामं पिंप आणून त्या कोपऱ्यात ठेवलं. दर शनिवारी आम्ही सगळा कचरा जाळायचो. बाटल्या, पिशव्या, रंग, जुनी सतरंजी. मी कारखान्यातून टाकाऊ केबल आणायचो आणि वरचं प्लास्टिक जाळून आतलं तांबं विकायचो. माझी पहिली मोपेड त्या तांब्याची. सगळेच तसं करायचे, ताई. आई राख पसरून टाकायची. कचरा गेला म्हणून आम्ही खूश असायचो.

तू जागा विचारलीस तेव्हा मी कोपरा सांगितला, कारण तिथे गवत उगवत नव्हतं. कोंबड्या नाहीतरी गवत ठेवत नाहीत. का उगवत नाही हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही, देवाशपथ.

पुढचं लिहायला मला दोन दिवस लागले. दोन वर्षांपूर्वी रेडिओवर ऐकलं की जुन्या जाळण्याच्या जागी कोंबड्या ठेवू नयेत. त्या रविवारी तुझ्याकडचं अंडं माझ्या घशाखाली उतरलं नाही. तेव्हापासून माझं पोट रुसलं. स्वतःला सांगत राहिलो की चाळीस वर्षांच्या पावसानं सगळं धुऊन नेलं असेल. तुला सांगितलं असतं तर तुझं सगळंच मोडलं असतं, असंही वाटायचं. आणि अंडी उचलून हानेकडे नेत राहिलो. ती गरोदर होती तेव्हाही. मी खात नव्हतो, पण तिला देत होतो. हे कसं केलं ते मला सांगता येत नाही.

तिला तू आधी सांगू नकोस. उद्या मीच जातो.

माया राहिली असेल तर राहू दे, मागायचा हक्क नाही.

रूलंद

गेंट,
४ मे २०२२

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

रविवारी तू दारात उभी होतीस ते मी वरच्या खिडकीतून पाहिलं. घंटा तीनदा वाजवलीस. मी खाली आले नाही. बाबांनी सगळं सांगून टाकलं होतं. त्यांना मी घरातून जायला सांगितलं आहे आणि परत बोलावीन की नाही, माहीत नाही. तुझ्यावर तसा राग येत नाही, हेच जास्त जड जातं. तुला ठाऊक नव्हतं. तुझ्यासारखं राहायचं म्हणून मी धडपडले, त्यात माझीही हौस होती. कुणी बळजबरी केली नाही.

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. मी विचारलं की हे माझ्या अंगातून काढायचं कसं. त्या म्हणाल्या की औषध नाही. आपोआप कमी होतं, पण निम्मं व्हायलाच सात-आठ वर्षं लागतात. मग म्हणाल्या की बाईच्या शरीरातून ते लवकर बाहेर पडायची एकच वाट आहे, ती म्हणजे दूध. पहिल्या मुलाला सगळ्यांत जास्त जातं. म्हणजे जितकी मी पाजेन तितकी मी स्वच्छ होईन.

तरी पाजत राहा, असंच त्यांनी सांगितलं. दुधाचा फायदा मोठा, काळजी करू नका, लिंडेचं वजन छान आहे. मी मान डोलावली. घरी येऊन डब्यातलं दूध बाटलीत भरलं तर तिनं तोंड फिरवलं. तासभर रडली, लालबुंद झाली, तेव्हा मी तिला अंगावर घेतलं. किती विश्वासानं लागते आत्या, मूठ माझ्या गळ्याशी धरून! मला बघवत नाही आणि दूरही करवत नाही.

घरातल्या कुठल्याही गोष्टीचं काय करायचं हे आजवर मी तुलाच विचारत आले आणि तुझ्याकडे कधी उत्तर नव्हतं असं झालं नाही. आत्ता ती झोपली आहे. अर्ध्या तासात भुकेनं उठेल. मी काय करू?

रागालोभाचं पुढे बघू. आधी याचं उत्तर पाठव.

तुझी,
हाने