चहाच्या तक्रारीपायी दवाखाना बंद पडू नये म्हणून

प्रति,
मा. विभागीय अधिकारी महोदया,
लघु वैद्यकीय व्यवसाय तपासणी कार्यालय,
दक्षिण किनारा विभाग.

विषय : एकट्या डॉक्टरच्या दवाखान्यावरील कागदपत्रांचा बोजा कमी करण्याबाबत.

संदर्भ : आपले स्मरणपत्र, त्या स्मरणपत्राची आठवण करून देणारे पत्र, आणि दोन्हींची पोच न मिळाल्याबद्दलचे पत्र.

महोदया,

१. अर्जदार ग्लेनिस पोल्किंगहॉर्न ही पोर्ट टेरिंगा येथील दवाखान्यात फोन, नोंदणी, हिशेब आणि डॉक्टरांची पाठ वळताच रुग्णांना दटावणे ही कामे पाहते. डॉक्टर एकच, डॉ. डेस्पिना कोत्सारिस. पुढचा दवाखाना गाठायचा तर अर्धा दिवस गाडी हाकावी लागते. ही माहिती आपल्याकडे असेलच; आम्ही ती वेगवेगळ्या नमुन्यांत सतत कळवत असतो.

२. मागील तपासणीत आमची तक्रारवही कोरी आढळली. तक्रार नाही, त्याअर्थी तक्रारीची सोय नाही, असा शेरा मारून आपल्या निरीक्षकांनी तातडीने सुधारणा करण्याचे फर्मावले. सबब अर्जदाराने तक्रार मिळवण्याचे प्रामाणिक प्रयत्न सुरू केले. गावात कोणी तयार होईना. अखेर बोटीने समुद्रातल्या शेवंडी पकडणारे श्री. डार्सी नीबोन रक्तदाब तपासायला आले, तेव्हा त्यांनाच गळ घातली. ते म्हणाले, "तुझी तक्रार करू? ग्लेनिस, मला अजून याच गावात म्हातारं व्हायचंय."

"माझी नको, कशाचीही कर. पण कर रे बाबा!"

"मग तुझ्या चहाची करतो. बोटीच्या तळाशी साचतं ना, ते पाणी याच्यापेक्षा बरं."

सदर तक्रार अर्जदाराच्या मनाला लागली. तथापि ती विहित नमुन्यात नोंदवून आपल्याकडे रवाना करण्यात आली.

३. त्यावर आपल्या कार्यालयाने चहाशी संबंध नसलेल्या व्यक्तींची चौकशी समिती नेमण्यास कळवले. दवाखान्यात माणसे दोनच. एक चहा करते, दुसरी तो निमूटपणे पिते. पिणारी व्यक्तीही हितसंबंधी ठरते, असा आपला अभिप्राय आला. पुढे विशेष बाब म्हणून डॉक्टरांना चौकशीची परवानगी मिळाली. अट अशी, की त्यांनी चहाबद्दलचे स्वतःचे मत आधी लेखी जाहीर करावे, चहा सुधारणा आराखडा सादर करावा आणि किटलीपासून संभवणाऱ्या धोक्यांचा अहवाल जोडावा.

४. मुदतीच्या शेवटच्या सकाळी, जूनच्या ऐन हिवाळ्यात, डॉक्टर दार लावून तो अहवाल लिहीत होत्या. बाहेर श्री. नीबोन बसले होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झालेला पाहून अर्जदाराने विचारले, तर म्हणाले, "काही नाही, जबडा दुखतोय. डॉक काय करतेय आत?"

"तुझ्या तक्रारीचं उत्तर लिहितेय."

"मग सांग तिला, मी तक्रार मागे घेतली," एवढे बोलून ते खुर्चीवरून घसरले.

अर्जदाराने ठोकलेली आरोळी बंदरापर्यंत ऐकू गेली, असे म्हणतात. डॉक्टर कागदांच्या गठ्ठ्यावरून उडी मारून बाहेर आल्या. हृदयविकाराचा झटका होता. रुग्णविमान येईपर्यंत त्या गुडघ्यांवर बसून झुंजत होत्या. श्री. नीबोन वाचले. या संपूर्ण काळात डॉ. कोत्सारिस यांनी एकही कागद भरला नाही, हे अर्जदार अभिमानाने नमूद करते.

५. विमान गेल्यावर डॉक्टर दवाखान्याच्या पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "तो दाराबाहेर दुखणं दाबत बसला होता, ग्लेनिस, आणि मी आत किटलीचे धोके लिहीत होते." दुसऱ्या दिवशी दवाखाना कायमचा बंद करण्याचा अर्ज त्यांनी अर्जदाराच्या टेबलावर ठेवला. "हा पाठव. मी थकले."

अर्जदार स्वयंपाकघरात जाऊन रडली. त्यासाठी नमुना उपलब्ध नसल्याने नोंद केलेली नाही. मग डोळे पुसून तिने आपल्या कार्यालयाची मार्गदर्शिका उघडली, अर्ज तपासला आणि त्रुटी दाखवून डॉक्टरांना परत केला : उपकरणांची यादी नाही, शेजारच्या दवाखान्याचे संमतिपत्र नाही, आणि मुख्य म्हणजे कोणतीही तक्रार प्रलंबित नसल्याचा दाखला नाही.

तक्रार तर प्रलंबितच आहे. ती मागे घेतली गेली, पण तोंडी. श्री. नीबोन इस्पितळातून घरी आल्यावर अर्जदार त्यांना भेटली. सारे ऐकून ते म्हणाले, "ती जाणार असेल, तर तक्रार मागे घ्यायच्या कागदावर मी मरेपर्यंत सही करणार नाही. चहा अजून भिकारच आहे, असं लिही. आणि मी इतक्यात मरत नाही, हेही लिही."

अर्जदाराने ते तसेच लिहून, खाली त्यांची सही घेऊन डॉक्टरांपुढे ठेवले. ते वाचून डॉक्टर हसल्या. कित्येक महिन्यांनी हसल्या. मग म्हणाल्या, "हिवाळा संपेपर्यंत थांबते. पुढचा पेशंट पाठव."

६. तरी विनंती की, लसींच्या फ्रिजचे तापमान आम्ही रोज लिहू. त्यात लेकरांचा जीव आहे. औषधांच्या नोंदीही ठेवू. परंतु एकच माहिती पुन्हा पुन्हा मागवणारे नमुने, दोन माणसांच्या बैठकांची इतिवृत्ते, आराखडे आणि आराखड्यांचे आढावे यांतून या दवाखान्यास हिवाळा संपण्यापूर्वी मुक्त करावे.

मात्र दवाखाना बंद करण्याचा नमुना कृपया सोपा करू नये. उलट जमल्यास त्यात आणखी दहा-बारा पाने वाढवावीत.

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून बसलेली,

(सही)
ग्लेनिस पोल्किंगहॉर्न
पोर्ट टेरिंगा
दि. १४ जुलै

सोबत : तक्रारदाराचे असमाधानपत्र, स्वाक्षरीसह.