सोळावर ठेवलेली रिंग

मी, मुंजाजी किशनराव दुधाटे, वय एकसष्ट, निवृत्त रेल्वे गार्ड, राहणार पूर्णा, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही आणि कोणी गोड बोलूनही लिहून घेतलेले नाही. गोड बोलणाऱ्याला मी दारातूनच वाटेला लावतो.

१. राहते घर पत्नी कस्तुराबाई हिचे. ती आहे तोवर तिला कोणी ऊठ म्हणू नये. तिच्यानंतर ते जिंतूरला दिलेली आमची मुलगी सुमन हिचे.

२. लोखंडी कपाटात कॅमेऱ्याच्या जुन्या लेन्स आहेत. ड्यूटीवर हैदराबादकडे गेलो की तिथल्या जुन्या बाजारात हिंडून एकेक जमवली. सगळे हाताने करायचे काम: एक रिंग फिरवून चित्र स्पष्ट करायचे, दुसरीने आतल्या पात्या उघडायच्या-मिटायच्या. एक जपानी लेन्स मात्र परभणीचे स्टुडिओवाले भगवानराव यांनी नवी म्हणून माझ्या गळ्यात मारली. आत बुरशी निघाली. "पावसाळ्यात धरली असेल," म्हणाले. मी घेतली होती चैत्रात. ती त्यांना परत करावी आणि पोच घ्यावी.

३. जर्मन लेन्स पुतण्या चंद्रभान याला. हा सेलूला जिनिंगमध्ये असतो आणि आला की विचारतो, "काका, या काचांचं पुढं कसं करायचं म्हणता?" पुढं म्हणजे कधी, ते मला कळते. देण्याआधी काचेच्या कडेला खसखशीएवढा बुडबुडा आहे का पाहावे. असला तरच ती माझी. नसला तर आधी चंद्रभानची पिशवी तपासावी.

४. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतरावरून दलितांची जी घरे जाळली, त्यांचे फोटो मी काढले होते. निगेटिव्ह मागायला पुष्कळ जण येऊन गेले, सगळे फार नम्रपणे. ज्यांची घरे होती त्यांच्याकडे त्या कधीच पोचल्या आहेत, तेव्हा कपाट फोडायचे कष्ट घेऊ नयेत. मात्र तेव्हापासून मला खुणा ठेवायची सवय लागली. गार्ड सील पाहिल्याशिवाय डबा सोडत नाही. तसा मी प्रत्येक लेन्सची पात्यांची रिंग सोळा आकड्यावर मिटून ठेवतो. आत मोहरीएवढे भोक उरते. कोणी हात लावला की मला कळते.

५. यंदा पावसाळ्यात रशियन लेन्सची रिंग रोज दोनवर सापडू लागली, म्हणजे पात्या सताड उघड्या. कुलूप शाबूत, किल्ली कोनाड्यात जागेवर. संशय अर्थातच चंद्रभानवर गेला, कारण तो आठवडाभर मुक्कामाला होता. तो गेला तरी रिंग फिरतच राहिली. मग मी रिंगला काजळी फासली. संध्याकाळी ताटात भाकरी आली, तिच्यावर काळे बोट उमटले होते.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर जातो म्हणून निघालो आणि मागच्या खिडकीशी उभा राहिलो. कस्तुराबाई लेन्स भिंगासारखी डोळ्याला लावून सुमनचे पत्र वाचत होती, एकेक अक्षर. चौथी पास बाई. आणि वर्षभर मला म्हणते, "तुमीच वाचा, मला कामं पडलीत."

तिला मोतीबिंदू आहे. तिच्या बहिणीचा, कुसुमबाईचा, डोळा ऑपरेशननंतर गेला, तेव्हापासून ही दवाखान्याचे नाव काढू देत नाही. सहज म्हणून मी विचारले, डोळे दाखवायचे का? "माझ्या डोळ्याला काय धाड भरलीय? लख्ख दिसायलंय." पुढे बोलावे तर पाळत ठेवल्याचे सांगावे लागेल. पण मला लय धास्ती वाटते. मी गेल्यावर ही एकटी चाचपडत राहील आणि विचारणाऱ्याला लख्ख दिसतंय म्हणून सांगेल.

सबब रशियन लेन्स तिचीच. तिच्या हातातून ती कोणी घेऊ नये. आणि माझ्या माघारी चंद्रभानने, ती कितीही भांडली तरी, तिला परभणीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे. या एका बाबतीत माझा त्याच्यावर विश्वास आहे. जर्मन लेन्सच्या बाबतीत बुडबुडा पाहावा.

साक्षीदार बन्सीधर कऱ्हाळे व आश्रुबा लोखंडे, दोघेही राहणार पूर्णा. दोघांना मी मजकूर वाचू दिलेला नाही. त्यांनी माझी सही पाहिली आणि आपापली केली.

ठिकाण पूर्णा, दिनांक १८ ऑगस्ट १९८७.
सही: मुंजाजी किशनराव दुधाटे

पुरवणी, १९ ऑगस्ट, सकाळी.

कपाट उघडले. मृत्युपत्र जागेवर आहे, पण घडी माझी नाही. मी उभी घालतो, ही आडवी आहे. पाचव्या कलमाशी पिठाचे बोट आहे. रशियन लेन्सची रिंग दोनवर.

चहा ठेवताना कस्तुराबाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "चंद्रभान कशाला? भ्याव वाटलं तर त्याचा हात धरू का मी? तुमी हायत तवर तुमीच चला."

सबब कलम पाचमधील "माझ्या माघारी चंद्रभानने" हे शब्द मी खोडले असून त्या जागी "उद्या मी" असे लिहिले आहे. बाकी मजकूर कायम.

मुंजाजी दुधाटे