आश्रमातला ताप आणि माझा बंदोबस्त

९ जानेवारी, सकाळी
पेपरात बातमी. शहरात तापाची साथ आहे, म्हाताऱ्यांनी जपावं. आमच्या विजय नगरच्या आश्रमात म्हाताऱ्यांशिवाय आहेच कोण? मॅनेजर गुणवंत घाबरून खोलीत आला आणि म्हणाला, काकाजी, आता काय करायचं? बरोबर माणसाला विचारलं. माझी सगळी नोकरी फॅक्टरीच्या तपासणी विभागात गेली. माझ्या शिक्क्याशिवाय गेटबाहेर खिळासुद्धा गेला नाही. व्हायरस म्हणजे तरी काय, एक डिफेक्ट.
संकल्प: आश्रमात एकही केस होऊ द्यायची नाही. मुख्य कारण अर्थात माझी बायको, अनसूया. ती समोर, बायकांच्या विंगमध्ये असते. तिला आता फारसं काही आठवत नाही आणि छाती पहिल्यापासून नाजूक. ताप तिला झेपणार नाही, असं डॉक्टर प्रणोती स्पष्ट बोलली आहे. बाकीचे लोकही वाचतील, ते ओघाने.

१० जानेवारी
नियम लावले. भेटायला येणारे बंद. एकमेकांच्या खोलीत जाणं बंद. प्रत्येकाचा कप वेगळा. कपावर ऑइल पेंटने नावं मी स्वतः घातली. अक्षर अजून खणखणीत आहे. माझा रूममेट श्रीरंग म्हणाला, नाव वाचायला चष्मा लागतो, मग चष्म्यावरही नाव घाला. रेल्वेतून रिटायर झालेल्या माणसाला सेफ्टी विनोदीच वाटणार.
चार वाजता अनसूयेचा चहा. चहात कोणी काहीतरी घातलंय, असा तिला अलीकडे संशय येतो. आधी कप भिरकावून द्यायची. तोडगा मीच काढला. तिच्या बशीतला पहिला घोट मी घेतो. ती विचारते, चांगला आहे ना? मी म्हणतो, मी प्यायलो ना, मग पी. तेव्हा कुठे ती तीच बशी तोंडाला लावते. हेमलता सिस्टर म्हणाली, काका, आता हे बंद करा बरं, तुमचाच नियम आहे. तिला समजावलं. नवरा-बायकोचं इन्फेक्शन एकच असतं.

१२ जानेवारी
डॉक्टर प्रणोती लस घेऊन आली. पोरगी हुशार, मराठी मात्र निम्म्यावर आलं की हिंदीत शिरतं. रांग मी लावली. शिस्तीत काम झालं. मी स्वतः घेतली नाही. बंदोबस्त बघणाऱ्याचा दंड दुखून कसं चालेल? अनसूया सुई बघून रडायला लागली. मला तिचं रडणं बघवत नाही. म्हटलं, पुढच्या आठवड्यात बघू. प्रणोती म्हणाली, काका, टालो मत. टाळत नाही, पुढे ढकलतोय.

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ हातोहात वाटायला बंदी घातली. बायकांच्या विंगमधल्या इंदूताई रुसल्या.
अनसूयेने सकाळपासून एकच लकडा लावला, नर्मदेचं पाणी आणा. लग्नानंतर पहिल्या संक्रांतीला आम्ही ग्वारीघाटावर गेलो होतो, तेवढं तिला आठवतं. मग गेलो. नियम बाहेरच्यांनी आत येण्याविरुद्ध आहे. मी आतलाच आहे, तर परत आलो तरी आतलाच. घाटावर मरणाची गर्दी. लोक एकमेकांच्या अंगावर खोकत होते, शिस्त म्हणून नाही. डुबकी मारली, लोटी भरली. नावेत बसलो, तिथे शेजारच्या माणसाला तर शिंका बोलू देत नव्हत्या. त्याला मास्कबद्दल चार शब्द सुनावले.
तिच्या डोळ्यांना पाणी लावलं तेव्हा ती हसली. आज मला नावाने हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा. एरवी 'अहो'च.

१६ जानेवारी
रोज सकाळी सगळ्या खोल्यांचा राउंड सुरू केला. जातीने जाऊन ताप बघतो. थर्मामीटर माझा, जुना, काचेचा, भरवशाचा. प्रत्येकाच्या जिभेखाली ठेवून काढला की रुमालाने स्वच्छ पुसतो. हातात रबरी ग्लोव्ह. सकाळी एकदा चढवला की रात्रीपर्यंत काढत नाही. इतकी काळजी कोण घेतो?
घसा किंचित खवखवतोय. स्वयंपाकघरातली फोडणी.

१७ जानेवारी
खोकला. फोडणीच. आचाऱ्याला तंबी दिली.
मास्कने चष्म्यावर वाफ येते, म्हणून नाकाखाली घेतो. तोंड झाकलेलं असतं, तेच महत्त्वाचं. राउंड चुकवला नाही.

१८ जानेवारी
श्रीरंगला ताप. काहून आला? काल कॅरम खेळताना चांगला होता. समोर मीच बसलो होतो, मला दिसलं असतं. रात्री खिडकी उघडी ठेवून झोपतो, दुसरं काय. त्याला खोलीतच बंद केलं. मी त्याच खोलीत राहतो, पण माझी गोष्ट वेगळी. मला फिरावं लागतं.

२० जानेवारी
इंदूताईंना ताप. त्यांच्या शेजारणीला ताप. आचारीही तापाने झोपला. मी चौकशी हातात घेतली आहे. संशयित: दूधवाला, गच्चीवरची कबुतरं, श्रीरंगची खिडकी. सगळ्या खोल्यांत जाऊन जबाब घेतले. लोक सहकार्य करत नाहीत. मी आलो की तोंड भिंतीकडे करतात.
प्रणोतीने सगळ्यांच्या नाकातून नमुने घेतले. माझाही घेतला. म्हटलं, चांगल्या माणसावर किट वाया घालवू नका. म्हणाली, काका, आप बैठिए. बसलो. सांध्यांत जरा कसकस होती, म्हणून बसलो.
गुणवंत म्हणाला, काकाजी, तुम्ही आता आराम करा, हम देख लेंगे. कॅप्टनने जहाज सोडायचं नसतं, हे त्याला ऐकवलं.

२१ जानेवारी
राउंडला हेमलताने दारात अडवलं. म्हणाली, काका, तुम्ही काहून फिरून राहिले? अंग तापून राहिलं तुमचं. म्हटलं, मीटर माझ्याकडे आहे, मला नाही का कळणार? मीटर लावून बघितलं. चढलेलं होतं. जुनं आहे, जास्तच दाखवतं.
चार वाजता मागच्या दाराने अनसूयेकडे गेलो. मी नाही गेलो तर ती चहाच पिणार नाही. कालपासून तिच्या पोटात काही नाही. एक घोट घेतला. चांगला होता. तिने सगळा संपवला. हेमलताने डोक्याला हात लावला, पण कप रिकामा झाला हे तिलाही मान्य करावं लागलं.

२३ जानेवारी
अनसूयेला ताप.

२३ जानेवारी, दुपारी
दूधवाल्याचं दूध बंद करा म्हणून गुणवंतला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

२४ जानेवारी
तिची छाती वाजते आहे. प्रणोतीने कानाला नळ्या लावल्या आणि लगेच ॲम्ब्युलन्स बोलावली. मला बरोबर जाऊ दिलं नाही. माझा रिपोर्ट आलाय म्हणे. आलाय तर आलाय. मी वरच्या खिडकीतून ओरडून सांगितलं, तिला चहा देताना आधी कोणीतरी घोट घ्या, नाहीतर ती पिणार नाही. ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला, हां बाबूजी. त्याला काय समजलं, देव जाणे.

२६ जानेवारी
मी खोलीत बंद. बाहेरून कडी. नियम माझाच, अठरा तारखेचा. गुणवंतने झेंडा लावला, तो खिडकीतून पाहिला. श्रीरंग बरा झालाय. त्याने दुसरी खोली मागून घेतली. जाताना बादली विसरला होता, ती न्यायलाही परत आला नाही.
मुलीशी, ऋचाशी, फोनवर बोललो. आई सलाइनवर आहे, तोंडाने काहीच घेत नाही म्हणाली. मी म्हटलं, घेणार नाहीच, मी सांगितलं होतं. ती रडायला लागली. मलाही रडू आलं, पण फोन ठेवल्यावर.

२९ जानेवारी
पहाटे अनसूया गेली. आम्हाला सोडून गेली. मला सोडून गेली.

२ फेब्रुवारी
अस्थी ग्वारीघाटावर. ऋचाने सोडल्या, मी पायरीवर बसून होतो. गर्दी नव्हती. नावाडी विचारत होता, बाबूजी, उस पार चलेंगे? नाही म्हटलं.
इंदूताईंनाही हॉस्पिटलात न्यावं लागलं होतं, त्या परत आल्या. त्यांचा आवाज गेलाय, पण माझ्याकडे बघून त्यांनी मान फिरवली ती स्पष्ट दिसली.

४ फेब्रुवारी
प्रणोती आली. साथ कुठून सुरू झाली, ते तिने तारखा लावून शोधलंय. दूध ठीक होतं. कबुतरं निर्दोष. सगळ्यात आधी खोकला कोणाला आला, हा प्रश्न होता. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि हळूच म्हणाली, काका, सोळा तारखेला तुमचा घसा खवखवत होता ना? म्हटलं, फोडणी. मी पुन्हा म्हटलं, फोडणी. तिने माझ्या हातावर हात ठेवला. ग्लोव्ह न घालता. हे चुकीचं आहे, असं मी तिला सांगायला हवं होतं.

६ फेब्रुवारी, चार वाजता
हेमलताने बायकांच्या विंगमधून अनसूयेचं सामान आणून दिलं. दोन लुगडी, फणी, चष्मा, कप आणि बशी. कपावर माझ्या अक्षरात तिचं नाव. पेंट जरासुद्धा उडालेला नाही.
चहा आला. सवयीने तिच्या बशीत ओतला. एक घोट घेतला.
माझ्या हातून कधी खराब माल पुढे गेला नाही, असं नोकरीभर म्हणत आलो. तिचा प्रत्येक चहा मी स्वतः तपासून दिला होता. चांगला आहे ना, असं ती दर वेळी विचारायची. मी म्हणायचो, मी प्यायलो ना, मग पी.
ती प्यायची.