बारा खोडून सहा

धाराशिव,
११ फेब्रुवारी २०२५

ती. शरणप्पा काका,
नमस्कार. तुमची तब्येत बरी असेल. काकूंच्या गुडघ्याला उतार पडला असेल. तुमचा मल्लेश आपल्याच विद्यापीठात नोकरीला लागला, त्याचे पेढे पोचले. डबा अजून उघडला नाही.

वर्कशॉप ठीक आहे. मोठा लेथ बंद ठेवलाय, मलाही हात लावू देत नाहीत.

अपघाताच्या चौकशीचा अहवाल परवा वाचला. 'ड्रॉइंगमध्ये बारा मिलीमीटर असताना टर्नर महानंदा यांनी झाकण सहाचं केलं.' खाली जाणकार म्हणून तुमची सही. ती कशापायी झाली, ते पेढ्यांवरून कळलं.

काका, विसरलात? उसाच्या चिपाडावर वाफेचा दाब द्यायचं ते भांडं. झाकणासाठी बाराची प्लेट यायला पंधरा दिवस लागणार होते आणि ज्यांचा हा प्रयोग, त्या कृष्णराज सरांची परिषद आठवड्यावर आलेली. त्यांनी ड्रॉइंगवर बारा खोडून सहा केलं. मी म्हणाले, दाबाला टिकणार नाही. "तुम्ही टर्नर आहात. हिशेब आम्ही करतो," म्हणाले. त्या दुपारी तुम्ही वर्कशॉपात चहाला आला होता. तुम्हालाच ड्रॉइंग दाखवलं. "सरची सही घे अन् करून टाक. लई इचार करू नको." हे तुमचे शब्द.

अहवालाला जोडलेलं ड्रॉइंग नवंकोरं आहे. खाडाखोडीचं, सरांच्या सहीचं माझ्याकडं होतं.

शिवप्रिया सरांच्या हाताखाली संशोधन करणारी, तेवीस वर्षांची पोरगी. गेजवरचा दाबाचा आकडा लिहून घेत होती, तेवढ्यात झाकण वाकलं. वाफेनं उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

तुमचा इतका राग आलाय की पेन कागदात घुसतोय. पण काल सोलापूरला दवाखान्यात तिच्यापुढं बसले, तेव्हा तुमचं नाव पुढं करून सुटता येईना. म्हटलं, टिकणार नाही हे मला माहीत होतं.

"मग केलंत कशाला, ताई?"

काय सांगू? मशीन बंद करून बाजूला झाले असते, तर कुणी मला मारणार नव्हतं. मी सही घेतली आणि करून टाकलं.

आज सकाळी ते जुनं ड्रॉइंग आणि माझा लेखी जबाब तिच्या वडिलांच्या हातात दिला. ते पोलिसांत गेलेत. जबाबात पहिल्या ओळीत माझी चूक आहे. दुसऱ्या ओळीत तुमचं नाव आहे, पूर्ण.

नऊ वर्षं तुमच्याच हाताखाली शिकलेली,
महानंदा