मंत्र वाटेत म्हणा

बाबा, धसईच्या वरच्या वाडीतली घोणस चावलेली बाई धोक्याबाहेर आहे. रुग्णालयातल्या डॉक्टर मॅडमनी आज सकाळी फोनवर मला तसं सांगितलं. लघवी साफ होतेय, सूज उतरतेय. तुम्ही असता तर आधी विचारलं असतंत, आणलं कोणी? वाडीच्या भगताने आणलं. मोटरसायकलवर पुढे तिचा दीर, मध्ये ती, मागे तिला धरून भगत, आणि तोंडाने मंत्र चालू. मॅडमनी हटकलं तर म्हणाला, "तुमच्याच कागदात लिवलंय ना, मंत्र वाटेत म्हना."

तो कागद म्हणजे मी काढतो ते आरोग्यपत्रक. शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुक्यांत जातं. आता फोनवरही जातं, पण पाड्यांवर अजून छापील प्रतच कोणीतरी वाचून दाखवतं. आणि ते वाक्य तुमचं आहे.

किन्हवलीच्या दवाखान्यात तुम्ही आरोग्यसेवक होतात. फळ्यावर सूचना लिहायचात आणि तीच पाड्यांवर जाऊन वाचायचात. एकदा भातलावणीच्या दिवसांत ती लिहायचं काम मला दिलंत. मी नुकता कॉलेजात जायला लागलेलो. 'सर्पदंश झाल्यास रुग्णास तत्काळ नजीकच्या', इथवर वाचून तुम्ही फडक्याने फळा पुसता. "हे सायबाला वाचून दाखव. मला पाड्यावर वाचायचंय." मग मला सायकलवर मागे बसवून सरळ एका पाड्यावरच्या भगताच्या अंगणात नेता. कोरा चहा पिता, त्याच्या भाताची चौकशी करता, आणि मग सांगता, बांधू नको, कापू नको, आधी दवाखाना. तो म्हणतो, लोक माझ्याकडे मंत्रासाठी येतात, त्यांना परत कसं पाठवू? "परत नको पाठवू. तू पन बस गाडीत. मंत्र वाटेत म्हन." म्हातारा विचारतो, "आनि मला गाडी लागली तं?" तुम्ही म्हणता, "मंग उलटी झाल्यावर म्हन."

मला राग आला होता. परतताना मी म्हणालो की विज्ञान शिकवायचं सोडून तुम्ही मंत्राला परवानगी देताय. पायडल मारत तुम्ही एवढंच म्हणालात, "मला मानूस दवाखान्यात पायजे."

तुमची पद्धत मी सोडलेली नाही. छापायला देण्याआधी मसुदा पाड्यावर कुणाला तरी वाचून दाखवतो. ऐकणाऱ्याने तो आपल्या शब्दांत परत सांगितला तर ठीक, नाहीतर पुन्हा लिहितो. वर्तमानपत्रातल्या इतक्या वर्षांच्या नोकरीत याहून चांगली तपासणी मला कुणी शिकवली नाही.

तरी एक सांगायचं राहिलंय, आणि तुमच्या पत्त्यावर टपाल जात नाही म्हणूनच ते लिहायला जमतंय. गेल्या पावसाळ्यात ते वाक्य मी पत्रकातून काढून टाकलं होतं. छापखान्यात सांगितलं, जागा नाही. जागा होती. जिल्ह्याचे अधिकारी वाचतील, मंत्र हा शब्द बघून हसतील, एवढंच कारण. यंदा धसईला मसुदा वाचताना ह्याच भगताने विचारलं, "मंग मी काय करू?" तेव्हा परत घातलं.

गुरुवारी बाईला घरी सोडतील, असं मॅडम म्हणाल्या. न्यायला भगत येणार आहे. गेल्या पावसाळ्यात त्याच्याकडे कोण कोण आलं होतं आणि त्यांचं पुढे काय झालं, हे मी त्याला तेव्हा विचारणार आहे. आजवर विचारलेलं नाही.