भिवा नकाशेवाल्याची ओळ

४ नोव्हेंबर
आलं एकदाचं. 'वज्रदरीची बखर' कादंबरी, भाग नववा. आठवा आला तेव्हा आमची लेक ऋचा पाचवीत होती. आता पुण्याला नोकरी करते, तिनंच पाठवला. सहाशे चाळीस पानं. दिनेशच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी वास घेतला, जाडी चाचपली. म्हणाले, "बारा वर्षं लावले लेकाच्यानं. माहे डोळे होते तवा काहून नाई लिवलं?"
मी चहा टाकायच्या निमित्तानं आत गेले.

६ नोव्हें.
शाळेतून आले की साडेपाच ते सात वाचायचं, असं ठरलं. मी वर्गात धडा वाचल्यासारखी वाचते म्हणे. "सोंग नको आनू वं, सरळ वाच." पहिली तीन प्रकरणं नुसत्या मेजवान्या, दागिने, कोण कुणाचा मावसभाऊ. आमचा लेखक असा नव्हता. तरी दिनेश कान देऊन. दर प्रकरणाला एकच प्रश्न, "भिवा आला का?"
भिवा नकाशेवाला. आठव्या भागाच्या शेवटी उत्तरकड्याचा नकाशा काढायला एकटाच निघाला होता. दिनेशही बावीस वर्षं भूकरमापक, अख्ख्या घाटंजी तालुक्याचे बांध मोजत फिरलेले. लग्न ठरलं तेव्हा साडी-बिडी नाही, पहिला भाग हातात दिला. "यातला भिवा म्हनजे मी समज."

८ नोव्हें.
नागपूरहून परत. डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्याचा फोटो पाहून मान हलवली. साखरेनं उजवा डोळा आधीच नेला. डाव्याला खिडकीचा उजेड तेवढा कळतो. तोही किती दिवस, सांगता येत नाही. बसनं कळंब सोडल्यावर दिनेश म्हणाले, "सहावं प्रकरण राह्यलं ना आपलं?"

१३ नोव्हें.
प्र. ११. राणी इरावती पुराच्या नदीत उतरते ते. काय लिहिलंय! दिनेश चक्क हसले, मांडीवर थाप मारली. "हा आपला लेखक. अजून जित्ता आहे." उन्हाळ्यापासून हे हसू पाहिलं नव्हतं. लेखकाला उगाच नावं ठेवली बिचाऱ्याला.

१७ नोव्हें.
मधल्या सुटीत पुढचं चाळलं. चाळायला नको होतं. पान ३८८. "नकाशेवाला भिवा मागच्या थंडीत कड्यावरून पडून मेला, असे शिपायाने सांगितले." पुढच्या वाक्यात राणी जेवायला बसते. बस. कसा पडला, नकाशाचं काय झालं, काही नाही. शेवटच्या पानापर्यंत शोधलं, पुन्हा नाव नाही. बारा वर्षं वाट पाहायला लावून हे? विसरला, की कंटाळला? ज्यानं नदी लिहिली त्यानंच हे लिहिलं, हे पटत नाही. चौथीची पोरं विचारत होती, मॅडम, काय झालं.

१८ नोव्हें.
ते पान आलं. जीभ रेटेना. गाळून पुढे गेले.
"भिवा?"
"पुढं आहे ना जी."

२० नोव्हें.
आज हद्द केली. भिवा आणलाच. पुस्तक उघडं धरलं आणि मनानं बोलत गेले. भिवा बर्फात, मोजणीची साखळी टाकून कडा मोजतो आहे, बोटं गारठलेली, आकडा विसरू नये म्हणून मोठ्यानं म्हणतो आहे... सगळं दिनेशकडूनच ऐकलेलं. ते पुढे सरकून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "वैशाली, हे साखळीचं पान आणखी एक बार वाच."
वाचलं. म्हणजे बोलले. मघाशी काय बोलले ते धड आठवेना. मघाशी गोष्टीत सकाळ होती, आता संध्याकाळ झाली.
त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मग, "मेला ना थो?"
"हो."
"कवा?"
"परवा. मी गाळलं."
"तुले काय वाटलं, मले सोसनार नाई? माहे डोळे गेले तवा कोनं पान गाळलं?"
पुस्तक मिटलं.

२२ नोव्हें.
वाचन बंद. साडेपाचला मी पुस्तक घेऊन बसते, ते रेडिओ लावतात. माझी चूक, की लेखकाची, की... सकाळी त्यांनी विचारलं, "आज आभाळ आलं का वं?"
ऊन लख्ख पडलं होतं. हो म्हणावं वाटलं. मी "नाही" म्हणाले.
त्यांनी खिडकीजवळून खुर्ची तेवढी हलवली.

२५ नोव्हें.
आज सकाळी मी भाजी चिरत होते तर ते आपणहून म्हणाले, "कोन्त्या पानावर आहे थे? दाखव."
३८८ उघडून दिलं. त्यांचं बोट धरून ओळीच्या सुरुवातीला ठेवलं, शेवटापर्यंत नेलं.
"इतकंच?"
"इतकंच."
मग एकट्यानंच बोट मागे आणलं, पुन्हा पुढे नेलं. कागद गुळगुळीत. त्यांच्या बोटाला काय लागत होतं कोण जाणे. रडले असते तर बरं झालं असतं. मी रडले, आवाज न करता, पण त्यांना कळलंच असेल.
म्हटलं, "दोनशे पानं राहिली आहेत. संध्याकाळी वाचू का?"
त्यांनी बोट पुन्हा ओळीच्या सुरुवातीला आणलं.
शाळेची वेळ झाली. डबा झाकून ठेवला, कुठे ठेवला ते सांगितलं. चपला घालताना पुन्हा विचारलं. बोट ओळीवरच होतं.
हे मधल्या सुटीत लिहिते आहे. पाच वाजता शाळा सुटायची घंटा होईल.